चोच वाढते तेव्हा

आमच्या बजीची वरची चोच वाढून गळ्याकडे वळली, तेव्हा जवळच्या दवाखान्याने कळविले, 'आम्ही फक्त कुत्री-मांजरे पाहतो.' पक्ष्यांचे जाणकार पशुवैद्य तासाभराच्या अंतरावर भेटले. दरम्यान स्नेह्यांनी नेलकटरने चोच छाटण्याचा सल्ला दिला. तो आम्ही मानला नाही. कोणीही मानू नये. चोचीच्या कठीण आवरणाखाली हाड आणि रक्तवाहिन्या असतात. तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवाला थोडा रक्तस्रावही जड जातो. शिवाय वाढलेली चोच ही पुष्कळदा आतल्या बिघाडाची खूण असते: कधी खरजेचे सूक्ष्म किडे, कधी यकृताचा विकार. आमच्याकडे यकृतच निघाले. पाच वर्षे मायेने नुसते राळे चारले, ते आम्हीच! इंग्लंड-वेल्समधील २००६ चा प्राणीकल्याण कायदा पाळीव प्राण्याला वेदना व रोगापासून जपण्याची जबाबदारी पाळणाऱ्यावर टाकतो. त्यात कुत्रा मोठा, पक्षी लहान असा भेद नाही. म्हणून मुलांच्या हट्टाखातर पिंजरा आणण्याआधी पक्षी तपासणारा दवाखाना शोधावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आता मुले दर रविवारी बजीला स्वयंपाकघरातील काट्यावर तोलतात. गाजराच्या किसाकडे मात्र तो अजून पाठच फिरवतो.