'देव कुठे होता?' असे विचारलेच पाहिजे

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला आणि शिरोळ तालुक्यातील गावेच्या गावे पाण्याखाली गेली. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या माणसांना जयसिंगपूरच्या उंच भागाने आसरा दिला. 2005 चा पूर कोणी विसरले नव्हते. 2021 मध्ये पुन्हा तेच घडले. अशा वेळी छावणीतली म्हातारी हात जोडून विचारते, 'देवा, आमचं काय चुकलं?' तिची टिंगल आम्ही करणार नाही. जिचे घर वाहून गेले, तिला तर्क शिकवणे निर्दयपणाचे आहे. पण तिचा प्रश्न खरा आहे आणि त्याला खरे उत्तर मिळाले पाहिजे.

याच तालुक्यात नृसिंहवाडीचे दत्त मंदिर आहे. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी मंदिरात शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडते. भाविक तिथे स्नान करून पुण्य जोडतात. याला 'दक्षिणद्वार सोहळा' म्हणतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती माणसेच उचलून उंचावर नेतात. मग तेच पाणी सखल भागातल्या गोरगरिबांच्या वस्तीत घुसले, तर तो देवाचा कोप कसा?

'पापाची शिक्षा' हे उत्तर तर फारच सोयीचे असते. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारला भूकंप झाला. गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा असल्याचे म्हटले आणि रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. शिक्षा अस्पृश्यता पाळणाऱ्यांना होती, तर ज्यांनी ती सोसली त्यांची घरे का कोसळली? 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीची जमीन हादरली. हजारो माणसे गेली. त्यांना कोणाच्या कोपाने मारले नाही. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली.

हे झाले निसर्गाचे. खैरलांजीत ना पूर होता, ना भूकंप. 29 सप्टेंबर 2006 रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांना जमावाने ठार मारले. कोणताही देव धावला नाही. 'त्यांचे नशीब' म्हणून समाज गप्प बसला असता, तर ते प्रकरण गावातच गाडले गेले असते. माणसे रस्त्यावर उतरली, म्हणून देशाला खैरलांजी कळली.

ईश्वर न्यायी आणि दयाळू असेल, तर जगात एवढा अन्याय का, हा युक्तिवाद बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मांडला आहे. तथागतांनी मेलेले लेकरू घेऊन आलेल्या किसा गोतमीला चमत्कार दाखवला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही, तिथून मोहरी आणायला सांगितले. दारोदार फिरताना तिला कळले की दुःख तिच्या एकटीचे नाही आणि ती कसली शिक्षाही नाही.

आज आपल्याच काही घरांत, 22 प्रतिज्ञा पाठ असूनही, संकट आले की नवस बोलले जातात. रागावून हे थांबणार नाही. पूर ओसरल्यावर त्या घराच्या दारात चळवळीचा कार्यकर्ता दिसला पाहिजे. त्याने पंचनामा करून घ्यावा आणि अनुदानाच्या अर्जासाठी सोबत चालावे. संकटात माणूस मिळाला नाही, तर माणूस देवाकडेच जाणार.

2019 च्या पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने 2020 मध्ये अहवाल दिला. अतिवृष्टीबरोबरच नदीपात्रातल्या आणि पूररेषेतल्या अतिक्रमणांवर तिने बोट ठेवले. ही बांधकामे कोणी होऊ दिली? धरणातून पाणी सोडण्याचा निर्णय कोण, कधी घेतो? सखल वस्त्यांचे पुनर्वसन कागदावरच का राहते? म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. आजी, तुमचे काहीही चुकले नाही. ज्यांचे चुकले, त्यांना जाब विचारायला आपण कचेरीवर जाऊ.