राणी बदलण्याआधी अंडी पाहा

गेल्या आठवड्यात करडीहून आलेले एक शेतकरी सुजलेला हात दाखवायला बाह्यरुग्ण विभागात आले. हात तपासून झाला, गोळी लिहून दिली, तरी ते उठेनात. "डॉक्टरसाहेब, तुम्हीबी पेट्या ठेवता म्हणे. माझी पेटी खालावली. नवी राणी आणून टाकू काय?"

मी विचारले, "अंडी पाहिली?" ती पाहिली नव्हती. ते राणीच शोधत राहिले होते.

हौसेने मधमाश्या पाळणाऱ्या बहुतेकांचे असेच होते. आधी औषध, निदान मागाहून. राणी दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असे नव्हे. सातेरी माशीची राणी उजेड पडताच पोळ्याच्या आड पळते. घराच्या तळाशी एकेकटे, कणीहून बारीक पांढरे अंडे दिसले, तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती. पेटी बंद करावी. एकाच घरात तीन-चार अंडी, तीही भिंतीला चिकटलेली असली, तर बहुधा राणी गेली आहे आणि कामकरी माश्याच अंडी घालताहेत. त्यांचे मीलन झालेले नसते, म्हणून त्यातून फक्त नर निपजतात. अशा पेटीत बाहेरची राणी सोडली तर बहुतेक वेळा माश्याच तिला मारून टाकतात.

राणी नुकतीच गेली असेल आणि कोवळ्या अळ्या असतील, तर माश्या नवी राणी स्वतः घडवतात. ती बाहेर पडायला सुमारे दोन आठवडे, मग मीलनाचे उड्डाण, मग अंडी. त्या अंड्यांतून कामकरी माश्या यायला आणखी तीन आठवडे. तोवर जुन्या माश्या मरत राहतात. आपल्याकडे भर पावसात हे घडले तर उड्डाणच होत नाही. त्यात भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा, आणि धानाच्या फुलात मकरंद नसतो. लाखोरी, जवस फुलायला थंडी पडावी लागते. पळस, मोह त्याही नंतर.

म्हणून पावसाळ्यात राणी हरवलेली दुबळी पेटी वाचवत बसू नये. राणी असलेल्या पेटीवर ती ठेवावी, मध्ये बारीक भोके पाडलेला वर्तमानपत्राचा कागद घालावा. माश्या कागद कुरतडेपर्यंत दोघींचा वास एक होतो. राणी असूनही पेटी दुबळी असेल, तर समभाग साखर-पाणी संध्याकाळी पेटीच्या आत द्यावे, दार अरुंद करावे आणि माश्यांनी न व्यापलेली पोळी काढून घ्यावीत. मेणकिडा तिथूनच शिरतो. साखर-पाण्यात प्रतिजैविक मिसळण्याचा सल्ला मात्र कुणी दिला तरी ऐकू नये. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतींचा फडशा पाडणारा सॅकब्रूड हा विषाणू होता. त्यावर प्रतिजैविक चालत नाही, उलट ते मधात उतरते.

मीही पहिल्या वर्षी दर दोन दिवसांनी पेटी उघडून पाहायचो. महिनाभरात सगळी वसाहत उठून गेली. रुग्णाला रोज टाके सोडून बघावेत, तसला तो प्रकार होता.

राज्याच्या मध केंद्र योजनेत पेट्यांना ५० टक्के अनुदान मिळते. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये 'मधाचे गाव' झाले. आनंद आहे. पण तिथे पिढ्यान्‌पिढ्या पेट्या हाताळणारी माणसे आहेत. आमच्या धानपट्ट्यात नवशिक्याला पेटी मिळते आणि पहिल्याच पावसाळ्यात ती रिकामी होते. प्रशिक्षण फुलोऱ्यात होते, अडचण श्रावणात येते. जाणत्या माणसाची एक फेरी जुलै-ऑगस्टमध्ये गावोगाव व्हायला हवी. अनुदानाचे निम्मे पैसे त्यावर गेले तरी माझी हरकत नाही.

करडीच्या त्या गृहस्थांना अंडी कशी पाहायची ते कागदावर काढून दिले. सूर्य पाठीशी घ्या, चौकट किंचित तिरपी धरा. आणि हात सुजला तर घाबरू नका. पण अंगभर गांधी उठल्या, घसा आवळला किंवा दम लागला, तर पेटी तशीच उघडी टाकून थेट रुग्णालय गाठा.