गुन्हा कैद्यांच्या नावावर, पूल इंग्रजांच्या?

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला सिंगापूर नदीवरच्या पुलांचा लेख वाचला. छायाचित्रे झकास होती. बदांग पहिलवानाची गोष्ट आली, जपानी अमदानीत अँडरसन पुलावर टांगलेल्या मुंडक्यांची आली, भुताखेतांना तर अर्धा रकाना मिळाला. आणि कॅव्हना पुलाबद्दल काय? 'इंग्रजांनी 1869 मध्ये बांधलेला देखणा पूल.' बस्स. सिंगापुरात राहणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाचे डोके इथेच फिरले.

हा पूल उभा केला हिंदुस्थानातून काळ्या पाण्यावर धाडलेल्या कैद्यांनी. लोखंडी सांगाडा ग्लासगोच्या मॅक्लेलन कंपनीकडून जहाजाने आला हे खरे, पण नदीवर तो जोडला कैद्यांच्या हातांनी. त्यांच्या हातून झालेले हे शेवटचे मोठे काम. पुढे 1873 मध्ये सिंगापूरचे कैदी खातेच बंद झाले. पुलाला नाव मात्र कर्नल ऑर्फर कॅव्हना या गव्हर्नराचे लागले. दोन्ही टोकांच्या कमानींवर आजही त्याच्याच घराण्याचे मानचिन्ह मिरवते आहे. तुमच्या लेखकाने ते मानचिन्ह पाहिले, त्याचा फोटोही छापला, आणि कैद्यांसाठी एक ओळ लिहिली नाही!

अंदमानला गेलो की सेल्युलर जेलमध्ये आपला कंठ दाटून येतो, आणि तो यायलाच हवा. पण अंदमानच्या आधी काळे पाणी म्हणजे पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर. 1825 पासून सिंगापुरात हिंदुस्थानी कैदी येत होते, त्यांत आपल्या मुंबई इलाख्यातलेही होते. त्यांनी दलदली भरल्या, रस्ते केले, सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल बांधले. आज सिंगापूरचे राष्ट्राध्यक्ष ज्या इस्तानात बसतात, तेही त्यांच्याच श्रमातून उभे राहिले. आणि आपली मंडळी तिथे जाऊन मुस्तफाच्या दुकानात सोने आणि चॉकलेटे घेऊन परततात.

लोककथाच हवी होती, तर याच कैद्यांची होती की! 1853 मध्ये गावभर बोभाटा झाला की, चर्चमधली पिशाच्चे शांत करायला सरकारला माणसांची मुंडकी हवी आहेत आणि ती आणायला रात्री कैदी सोडले जातात. लोक अंधार पडल्यावर घराबाहेर पडेनात. म्हणजे ज्यांनी शहर बांधले ते त्या शहराच्या अफवेत मुंडकी कापणारे राक्षस झाले, आणि आता आपल्या पुरवणीत ते गायबच झाले. भुतांना अर्धा रकाना, माणसांना शून्य.

कोणी म्हणेल, ते चोर, दरोडेखोर होते. असतील. काही खुनीही होते. त्याची शिक्षा त्यांनी भोगली. पण गुन्हा त्यांच्या नावावर आणि पूल इंग्रजांच्या, ही कसली वाटणी?

सहल कंपन्यांचे तर विचारूच नका. बस मरलायनपाशी थांबते. हा सिंहमुखी मासा म्हणजे तिथल्या पर्यटन मंडळाचे 1964 चे बोधचिन्ह. त्याचा पुतळा 1972 साली उभा राहिला. त्याच्यापुढे तास काढायला वेळ असतो, आणि तिथून चार पावलांवरच्या, 2019 मध्ये राष्ट्रीय स्मारक ठरलेल्या पुलावर जायला नसतो. कोणी गेलेच तर 3 हंड्रेडवेटहून, म्हणजे सुमारे 150 किलोंहून जड वाहनांना आणि गुराघोड्यांना मनाई करणाऱ्या जुन्या पोलिसी पाटीपाशी उभे राहून हसत फोटो काढतात.

सिंगापूरला तरी दूर म्हणून सोडू. मुंबईचा कर्नाक पूल याच पुलाच्या जोडीचा, दीडशे वर्षांपूर्वीचा. 2022 मध्ये तो पाडला. जुलै 2025 मध्ये त्याच जागी नवा पूल 'सिंदूर' नावाने खुला झाला. नाव बदलण्याला माझी हरकत नाही. कर्नाक गव्हर्नराचे मला काही प्रेम नाही. पण जुने नाव पुसताना आणि नवे लावताना एवढा गाजावाजा झाला, त्यात जुन्या पुलाचा काळा दगड कोणी घडवला, कोणी वाहिला, हे विचारणारा आवाज माझ्या कानी आला नाही. गव्हर्नर जातो, मंत्री येतो, फलक बदलतो. मजुराचा रकाना मुंबईत कोरा आणि सिंगापुरातही कोरा.

तेव्हा मागणी साधी आहे. येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत दुरुस्ती छापावी: कॅव्हना पूल हिंदुस्थानी कैद्यांनी बांधला. माफी नको, खुलासाही नको. ही एक ओळ पुरे.

— एक मराठी रहिवासी, सिंगापूर