पडदा बसला, दृष्टी केव्हा?

डोळ्याचा पडदा सुटल्यावर शस्त्रक्रिया होते, ‘पडदा नीट बसला आहे’ असे डॉक्टर सांगतात आणि घरची मंडळी निःश्वास टाकतात. रुग्णाच्या मनात मात्र शंका असते : बसला, तर मग दिसत का नाही? शंका रास्त आहे. पडदा बसणे आणि दृष्टी परतणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यात कधी कधी महिन्यांचे अंतर पडते.

एकेकाळी पडदा बसणेही दुर्मीळ होते. पडद्याला पडलेले छिद्र हेच रोगाचे मूळ, ते बंद केल्याविना उपाय नाही, हे स्वित्झर्लंडमधील लोझान येथील नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. आज पहिल्याच शस्त्रक्रियेत दहांपैकी आठ-नऊ रुग्णांचा पडदा जागी बसतो.

दृष्टीचे गणित मात्र पीतबिंदूवर अवलंबून. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे ही कामे पडद्याच्या मध्यावरचा हा इवलासा भाग करतो. प्रकाश टिपणाऱ्या पेशींना पोषण मागील थरांतून मिळते. पडदा सुटला की त्या उपाशी राहतात. पीतबिंदू सुटण्यापूर्वीच शस्त्रक्रिया झाली तर दृष्टी बहुधा चांगली टिकते. तो सुटला असेल तर एकेक दिवस मोलाचा. म्हणून डोळ्यापुढे वीज चमकणे, एकाएकी काळे ठिपके वाढणे, कडेने सावली सरकत येणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. ‘घरचे कार्य आटोपू द्या’ हे अशा वेळी फार महाग पडते.

डोळ्यात वायू भरला असेल तर प्रारंभी सारे धूसरच. बुडबुडा विरू लागला की वरच्या बाजूने स्वच्छ दिसू लागते आणि पाण्याच्या पातळीसारखी हलणारी रेघ दिवसागणिक खाली उतरते. वायूच्या प्रकारानुसार यास सुमारे दोन ते आठ आठवडे लागतात. तोवर विमानप्रवास वर्ज्य. उंच घाट वा डोंगरावरील तीर्थ गाठण्यापूर्वीही डॉक्टरांना विचारावे. बाहेरील हवेचा दाब घटला की वायू फुगतो आणि डोळ्यातील दाब धोकादायक वाढतो.

वायू गेल्यावरही दाराची चौकट वाकडी, अक्षरे लहान दिसू शकतात. पहिल्या तीन महिन्यांत बरीच सुधारणा होते, पुढे वर्षभर ती संथपणे चालू राहते. थोडा दोष कायमही राहतो. पन्नाशीनंतर अशा शस्त्रक्रियेमागोमाग एक-दोन वर्षांत मोतीबिंदू वाढणे नेहमीचेच. त्यामुळे आलेली अंधुकता म्हणजे पडदा पुन्हा सुटला असे नव्हे, पण हा निवाडा घरी करू नये.

‘आज किती दिसते?’ हा घरच्यांचा रोजचा प्रश्न रुग्णाला जाचक होतो. त्यापेक्षा थेंबांच्या वेळा सांभाळाव्यात, सांगितल्या स्थितीत मान ठेवण्यास उशी लावून द्यावी आणि दुसऱ्या डोळ्याचा पडदाही तपासून घ्यावा.