बापाच्या खांद्यावरून

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी मिस्सा आटोपून परत येत असता, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर लोधीखेड्याच्या अलीकडे जे पाहिले, ते अद्याप डोळ्यांपुढून हलत नाही. आपल्याच एका कुटुंबातील तरुण पिता मोटारसायकल चालवीत होता. पुढे, पेट्रोलच्या टाकीवर, त्याचा चार-साडेचार वर्षांचा मुलगा होता. बसलेला नव्हे, उभा! पाहता पाहता पित्याने दोन्ही हात हँडलवरून उचलून पंखांसारखे पसरले. मुलानेही पसरले. शेजारच्या गाडीवर मागे बसलेला एक मित्र ते सारे मोबाइलवर टिपीत होता.

पुढे चहाच्या टपरीपाशी मंडळी थांबली, तेव्हा मी जवळ जाऊन विचारले, "अरे, हे काय आरंभिले आहेस?" तो हसला आणि अभिमानाने म्हणाला, "माझा पोट्टा भेत नाही, काकाजी!"

वाचकहो, मुलगा भीत नव्हता हे खरेच. पण का भीत नव्हता? ताशी साठ किलोमीटर वेग म्हणजे एका सेकंदात सोळा-सतरा मीटर, हे त्याला ठाऊक नाही. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते, म्हणून ते पडते तेव्हा बहुधा डोक्यावरच पडते, हेही त्याला ठाऊक नाही. नुसता ब्रेक जोराने दाबला तरी पुढचे मूल हँडल आणि बापाची छाती यांच्यामध्ये चेंगरते, हे तर पुष्कळ बापांनाही ठाऊक नसते. त्या बालकाला एकच गोष्ट माहीत आहे, ती ही की मागे बाबा आहेत. धोका जाणून जो उभा राहतो त्याला धीट म्हणावे. या पोराजवळ होता तो निव्वळ विश्वास. आणि बापाने पणाला लावला तो हाच विश्वास, जो त्याने कमावलेला नव्हता, आयता मिळालेला होता.

कायदा याविषयी मुका नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम केला आणि तो वर्षभराने अंमलात आला. चार वर्षांखालील मुलास दुचाकीवर न्यावयाचे तर त्याला चालविणाऱ्याशी पट्ट्याने बांधावे, नऊ महिन्यांवरील बालकाच्या डोक्यावर त्याच्या मापाचे शिरस्त्राण असावे आणि वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या वर जाऊ नये. आपल्या गावांतून असा पट्टा मी अजून एकाही बालकाच्या अंगावर पाहिलेला नाही. बाप शिरस्त्राण घालतो ते पोलिसासाठी. मुलाचे डोके उघडे!

परंतु त्या तरुणाला दोष देताना माझी जीभ थोडी अडखळली, आणि त्याचे कारण सांगणे प्राप्त आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार भरते, हे वाचकांना सांगावयास नको. नागपूर-विदर्भात तो दिवस तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लाकडी बैल ओढीत घरोघर फिरणाऱ्या लेकरांचा. आणि त्याच दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड निशाणासह रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. त्या झाडामागे पळून जाणाऱ्या प्रेमी जोडप्याची कथा सांगतात, निशाण चंडीमातेस अर्पण होते, लोकांची श्रद्धा आहे. तिच्याविषयी मला येथे काही म्हणावयाचे नाही. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, कित्येकांचे प्राणही गेले आहेत. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहण्याचा सरकारी प्रयोगही झाला. तो कोणी मनावर घेतला नाही. पण जो मोठा माणूस पात्रात उतरतो तो आपल्या बुद्धीने उतरतो. मी म्हणतो ते काठावरच्या बापांविषयी.

त्या काठावर मीही एका वर्षी उभा होतो, आणि माझी तीन वर्षांची मुलगी माझ्या खांद्यावर होती. तिला नीट दिसावे म्हणून मी तिला उचलून घेतले होते. एक दगड सणसणत आला आणि आमच्यापासून हातभर अंतरावर एका माणसाच्या कपाळावर बसला. रक्त पाहून मुलगी रडू लागली, तेव्हा प्रथम माझ्या ध्यानी आले की खांद्यावरचे मूल बापाच्या डोक्याहून उंच असते. दगड चार बोटे वरून आला असता तर मला लागलाच नसता. घरी हे मी पुष्कळ दिवस सांगितले नाही.

मुंबईकडे दहीहंडीच्या थरांत सर्वांत वर लहानग्यासच चढवितात, कारण तो हलका असतो. उच्च न्यायालयाने २०१४ साली अठरा वर्षांखालील मुलांस मनाई केली. २०१७ मध्ये ती मर्यादा चौदा वर्षांवर आली. तरीही २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहिसरला सराव चालू असता थरावरून पडून अकरा वर्षांचा एक मुलगा दगावला.

अमेरिकेतील जेसिका डुब्रॉफ या सात वर्षांच्या मुलीची हकीकत तर सर्व जगाने वाचली. वडिलांच्या मनात आले की आपल्या मुलीने विमान चालवीत देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जावे आणि विक्रम करावा. तिला समोरचे दिसावे म्हणून खाली उशी ठेवावी लागे. वडिलांनी या प्रवासाच्या नावाच्या टोप्या छापून घेतल्या, वार्ताहर जमले, दिवस आखले गेले. ११ एप्रिल १९९६ रोजी शायेन गावी सकाळी पाऊस आणि वादळ होते. वेळापत्रक मात्र ठरलेले होते. विमान उडाले आणि काही क्षणांतच कोसळले. मुलगी, वडील आणि शिकविणारा वैमानिक तिघेही गेले. त्याच वर्षी तेथे कायदा झाला की असल्या विक्रमासाठी परवाना नसलेल्या मुलाच्या हाती विमान देऊ नये. त्या बापाचे मुलीवर प्रेम नव्हते, असे मी तरी म्हणणार नाही. टोप्या छापून झाल्यावर परत फिरणे जड जाते, एवढेच.

उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी आपण शुभवर्तमानात ऐकतो की सैतानाने प्रभू येशूला मंदिराच्या कळसावर नेले आणि खाली उडी टाक, देवदूत झेलतील, असे सुचविले. प्रभूने उडी टाकली नाही. हे देवाची परीक्षा पाहणे आहे, असे त्याने ओळखले. त्या तरुणाच्या हँडलला जपमाळ अडकविलेली होती. जपमाळ हँडलला आणि हात मात्र हवेत! त्याच्या घरात संत योसेफाची तसबीरही आहे. हेरोदाचे संकट कळताच जो रातोरात उठला आणि बाळाला व मातेला घेऊन निघून गेला, त्याची.

टपरीपाशी त्याने माझे सारे ऐकून घेतले आणि मान हलविली. मला वाटले, प्रकरण मिटले.

तीन आठवड्यांनी त्याची पत्नी आमच्या घरी आली. दुपारी ती वाळवण काढावयास गच्चीवर गेली, तो मुलगा कठड्यावर चढून दोन्ही हात पसरून उभा! खाली अंगणात त्याची सहा वर्षांची बहीण आईचा मोबाइल धरून होती. तो तिला ओरडून सांगत होता, "काढ ना! मी भेत नाही!" मातेने हाक मारली नाही, दचकून तोल जाईल, एवढे भान तिला त्या क्षणीही राहिले. अनवाणी पावलांनी मागून जाऊन तिने त्याला कवटाळले. सांगताना तिचे हात कापत होते.

पतीने आता मोबाइलमधील ते चित्र पुसून टाकले आहे, असे ती म्हणाली. मित्राकडचे मात्र पुष्कळांकडे गेले आहे. गच्चीच्या दाराला कुलूप लावले आहे. मग जरा थांबून तिने विचारले, "काकाजी, तुम्ही पेपरात लिहिता ना? नाव न घालता हे लिहाल का?"

लिहीन म्हणालो.