सात किलोंचं गणित

परवा हिरानंदानीत पाठीवरची सॅक घ्यायला गेले होते. दुकानातला मुलगा म्हणाला, "आजी, ही घ्या, विमानात चालते." मी पर्समधून शिवणाची टेप काढली. ५४, ३६ आणि २८. बेरीज ११८! आपल्याकडे देशातल्या विमानांत साध्या वर्गाला लांबी, रुंदी, जाडी मिळून ११५ सेंमी आणि वजन ७ किलो, एवढीच मुभा असते. सॅकच दीड किलोची असली तर सामानाला उरले साडेपाच. वजाबाकी चौथीतली, पण दुकानात कुणी करत नाही.

मुलगा म्हणतो, "आई, चाकांची घे." अरे, चाकंही मापात धरतात. शिवाय ती डोक्यावरच्या कप्प्यात चढवणार कोण? दर वेळी शेजारच्याला "जरा हात लावता का" म्हणायचं मला जिवावर येतं.

गेल्या वर्षी बंगळूरला लेकीकडे जाताना कप्पे भरले म्हणून माझी बॅग विमानाच्या दारातच काढून घेतली आणि खाली सामानात टाकली. रक्तदाबाच्या गोळ्या तिच्यात! उतरल्यावर पट्ट्यापाशी कितीतरी वेळ ताटकळले. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. आमच्या वयात नियमात बसेल ती मोठ्यात मोठी सॅक घेऊच नये. पुढच्या सीटखाली सरकेल अशी मऊ, हलकी घ्यावी, म्हणजे गोळ्या पायाशी राहतात.

असो. पाऊण किलोची घेतली. नातीच्या लाडवांचा डबा तेवढा आडवा बसत नाहीये. आज उभा ठेवून बघते.