पेट्रोलच्या टाकीतली सुटकेस

तर मंडळी, गेल्या शनिवारी रात्री साडेअकरापासून पहाटे अडीचपर्यंत मी एका अशा गाडीच्या मागे होतो, जी या जगात कुठेच नाही. हरलो. हरल्याचं दुःख नाही (थोडं आहे), पण ज्या गाडीनं हरवलं तिचा राग अजून गेलेला नाही. म्हणून या विकांताचा लेख त्यावरच.

आधी थोडी पार्श्वभूमी. आम्ही कॉलेजातले नऊ जण. सगळे मेकॅनिकलचे आणि सगळे आयटीत. (हा विनोद नाही, ही पुण्याची लोकसंख्या आहे.) ‘ऑटोमेशन’ नावाच्या एका खेळात इंजिनाच्या बोअर-स्ट्रोकपासून सीटच्या दर्जापर्यंत सगळं स्वतः ठरवून गाडी बनवता येते. ती तशीच उचलून ‘बीमएनजी’ या दुसऱ्या खेळात पळवता येते. तिथे इंजिन तापतं, ब्रेक तापतात, पेट्रोल संपतं आणि ठोकली तर गाडी खरोखर चेपते. आम्ही महिन्यातून एकदा तीन तासांची शर्यत लावतो. अट एकच: शर्यतीची गाडी आधी रोडकार असली पाहिजे. म्हणजे चार सीट, पंपावर मिळणारं साधं पेट्रोल, किमतीला मर्यादा, आणि खेळ गाडीला आरामाचे जे गुण देतो ते आम्ही ठरवलेल्या आकड्याच्या वर.

आमच्या नागपूरकर मित्रानं काय केलं, तर गाडीत उंची सीट आणि भारीतली म्युझिक सिस्टिम बसवली. आरामाचे गुण भराभर वाढले. मग स्प्रिंगा दगडासारख्या कडक केल्या आणि गाडीचं पोट जमिनीपासून सहा सेंटिमीटरवर आणून ठेवलं. कागदावर रोडकार! माझी गाडी बारा सेंटिमीटरवर होती. वळणावळणावर तो माझ्यापासून लांब जात राहिला आणि शेवटी चार लॅप पुढे होता.

मी कुरकुर केल्यावर तो म्हणाला, "नियम वाच ना बे. कुठला मोडला सांग."

एकही मोडला नव्हता. आणि त्याची परंपरा मोठी आहे हेही कबूल करायला हवं. ल माँची 24 तासांची शर्यत 1923 साली सुरू झाली तीच मुळी रस्त्यावरच्या गाड्यांची कसोटी घ्यायला. आजही त्या ट्रॅकचा मोठा भाग वर्षभर साधा रहदारीचा रस्ता असतो. पण 1994 साली ती जिंकली कोणी? ‘डाउअर 962’नं. म्हणजे पोर्शेची अस्सल शर्यतीची 962, जिची आधी रस्त्यावर चालणारी आवृत्ती काढली आणि मग तिच्या जोरावर तीच गाडी ‘जीटी’ म्हणून परत ट्रॅकवर आणली. 1998 ची टोयोटा तर त्याच्याही पुढची. नियमाप्रमाणे गाडीत एक सुटकेस मावेल एवढी जागा हवी होती. टोयोटानं दाखवलं की पेट्रोलची टाकी रिकामी असेल तर सुटकेस तिच्यात मावते. आणि अधिकाऱ्यांनी ते मान्य केलं!! जिंकली शेवटी पोर्शेच, पण ते असो.

हे वाचून मलाही हसू येतं. नियमातली फट शोधणं हेही इंजिनिअरिंगच आहे. पण आमच्या धंद्यात टेस्ट केसमधली उत्तरं कोडमध्ये थेट लिहून ठेवणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो. त्याच्या सगळ्या टेस्ट पास होतात, आणि रात्री दोनला फोन दुसऱ्याला येतो. ऑफिसात ते चालवून घेतो, कारण पगार मिळतो. इथे पगार नाही. चार वर्षं शिकून जे कधी बनवायला मिळालं नाही, ते बनवायची आमची ही एकच जागा आहे. इथेही जर आपण फक्त आकडा गाठायला गाडी बनवणार असू, तर मग शनिवारी झोपलेलं काय वाईट?

माझं गाव माकणी. लोहारा तालुका, निम्न तेरणेचं धरण आहे तेच. पुण्याहून सोलापूर, नळदुर्ग, मग लोहाऱ्याकडे वळायचं. तीनशेच्या वर किलोमीटर. घरच्या चार माणसांना घेऊन हे अंतर एका दमात तोडणं हीच माझ्या मते खरी एंड्युरन्स. त्यात हायवे सोडला की गतिरोधक लागतात. म्हणून रविवारी वही घेऊन बसलो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, ताशी 25 किलोमीटरनं ओलांडायचा. म्हणजे साधारण 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. नागपूरकराच्या गाडीच्या दोन चाकांतलं अंतर 2.7 मीटर. दोन्ही चाकं गतिरोधकावर असताना मधला फुगवटा किती? अंतराचा वर्ग भागिले आठ त्रिज्या: 5.4 सेंटिमीटर. पोट सहावर. उरले सहा मिलिमीटर, तेही गाडी उभी आणि रिकामी असताना. मागे दोन माणसं बसली की संपलं. आणि हा झाला सरकारी, मापातला गतिरोधक. आमच्याकडे गावकऱ्यांनी स्वतः घातलेला हातभर रुंद आणि वीतभर उंच असतो. तिथे पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, आणि सगळी उंची थेट पोटाला.

पुण्यात वेताळ टेकडीवर फिरायला गेलं की एआरएआय लागते. गाडी रस्त्यावर आणण्याआधी कंपन्या तिथे तपासून दाखला घेतात. आम्हालाही तसलंच काहीतरी हवं, असं ठरवून मी खेळाच्या नकाशात मापातला उंचवटा तयार केला. सगळ्यांच्या गाड्या त्यावरून घालायच्या आधी आप्पांना व्हिडिओ कॉलवर माझी गाडी दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"यात माणसं किती बसतेत?"

"चार."

"आन् कट्टे?"

तुरीचे कट्टे मी धरलेच नव्हते. सुट्टीवरून परतताना डिकीत दोन तरी असतातच, पन्नास-पन्नास किलोचे. चार माणसं आणि शंभर किलो तूर एवढं वजन घालून माझी बारा सेंटिमीटरवाली गाडी नेली. मागून अशी बसली की एक्झॉस्ट घासत गेला. नऊपैकी पाच गाड्या नापास, त्यात एक माझी.

तरीही माझं म्हणणं तेच आहे. आरामाचे गुण काढून टाका. शर्यतीच्या आधी प्रत्येकानं चार माणसं आणि दोन कट्टे घेऊन, ताशी 25 नं, पोट न टेकवता तो उंचवटा ओलांडून दाखवायचा. येत्या शनिवारी यावर मतदान आहे. नागपूरकर चक्क बाजूनं मत द्यायला तयार आहे. फक्त एक लेखी खुलासा मागतोय: कट्टे डिकीतच ठेवायचे, की मागच्या सीटवर माणसांच्या मांडीवर दिले तर चालतील?

आप्पांना विचारून सांगतो म्हटलंय.